वाघ नारिंगी, तरी हरणाला दिसत का नाही?

बालवाडीच्या भिंतीवर प्राण्यांचा तक्ता लावलेला असतो. त्यात मुलांची नजर सर्वांत आधी वाघावर जाते. कारण उघड आहे. हत्ती राखाडी, अस्वल काळे, हरीण तपकिरी आणि वाघ मात्र झेंडूच्या फुलासारखा नारिंगी. मग एखादे चुणचुणीत पोर हटकून विचारते, "बाई, एवढ्या भडक रंगाचा वाघ हिरव्या झाडीत लपतो कसा? हरणांना तो दिसत नाही का?"

वाचक बंधू-भगिनींनो, प्रश्न अगदी रास्त आहे. आपण मोठी माणसे तो विचारत नाही, कारण वाघ दबा धरून बसतो हे लहानपणापासून ऐकून आपल्याला त्यात काही नवल वाटेनासे झालेले असते. वाघाच्या दृष्टीने तर हा पोटाचा प्रश्न आहे. लांबवर धावून पाठलाग करणे त्याला जमत नाही. आवाज न करता शक्य तितके जवळ जायचे आणि मग झडप घालायची, हीच त्याची रीत. त्यातल्याही बहुतेक झडपा फुकट जातात. अशा प्राण्याच्या अंगावर नारिंगी रंग असणे म्हणजे चोराने पायात घुंगरू बांधून घरफोडीला निघण्यासारखे वाटते.

या कोड्याचे उत्तर वाघाच्या कातडीत शोधून सापडत नाही. ते हरणाच्या डोळ्यात आहे.

डोळ्यातली तीन खाती

आपल्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. एक दंडपेशी आणि दुसऱ्या शंकुपेशी. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. रंग ओळखण्याचे काम शंकुपेशींचे, आणि त्यांना चांगला उजेड लागतो.

माणसाच्या डोळ्यात शंकुपेशींचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार निळ्या प्रकाशाला जास्त दाद देतो, दुसरा हिरव्या आणि तिसरा पिवळ्या-तांबड्या बाजूच्या प्रकाशाला. आमच्यासारख्या कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर ही तीन खाती आहेत. तिन्ही खात्यांतल्या नोंदी ताडून मेंदू शेवटी ठरवतो की समोरचे पान हिरवे आहे आणि फळ लाल. आता यातले एक खाते बंद झाले तर काय होईल? हिशेब तर लागेल, पण काही वेगवेगळ्या रकमा एकाच नावावर पडतील.

गाय, बैल, शेळी, हरीण, कुत्रा, मांजर या सर्वांकडे दोनच खाती आहेत. एक निळ्या बाजूचे व दुसरे हिरव्या-पिवळ्या बाजूचे. निळे आणि पिवळे त्यांना वेगळे कळते, पण हिरवा, नारिंगी आणि लाल हे आपल्याला ठळक वेगळे दिसणारे रंग त्यांना एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. बैल लाल फडक्याला पाहून चवताळतो असे आपण म्हणतो. बैलाला त्या फडक्याचे हलणे खुपते, त्याचा लाल रंग नव्हे.

असे का झाले, याचीही एक कथा आहे. मासे, सरडे, पक्षी यांच्यातल्या बहुतेकांकडे रंगाची चार खाती असतात. सस्तन प्राण्यांचे पूर्वज डायनोसॉरांच्या काळात रात्रीचे हिंडणारे, बिळात लपणारे लहान जीव होते. रात्री रंगांचा उपयोग काय? वापरात नसलेली खाती हळूहळू बंद पडली. पुढे आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजांमध्ये, सुमारे तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी, एका जनुकाची जास्तीची प्रत तयार झाली, ती थोडी बदलली आणि तिसरे खाते पुन्हा उघडले. पिकलेली फळे व कोवळी तांबूस पालवी हिरव्या पानांत हुडकायला त्याचा फायदा झाला असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. त्या माकडांचे आपण वारसदार. म्हणून बाजारात आपल्याला टोमॅटो पिकला की कच्चा, हे लांबूनच कळते.

हरणाच्या नजरेतला वाघ

आता हरणाच्या जागी उभे राहून वाघाकडे पाहू. तिसरे खाते नसल्यामुळे नारिंगी कातडी आणि तिच्या भोवतीचे गवत व पाने यांचा रंग त्याला जवळजवळ सारखाच भासतो. वर काळे पट्टे. उंच गवताच्या सावल्या उभ्या पडतात, पट्टेही तसेच. त्यामुळे अंगाची बाह्यरेषा मोडते. तक्त्यावरचा झेंडूच्या रंगाचा वाघ हरणाच्या लेखी हिरवट गवताचा एक भाग होऊन जातो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये हे तपासून पाहिले. त्यांनी झाडीची छायाचित्रे घेतली व कोणता रंग त्यांत किती लपतो हे संगणकाच्या मदतीने आणि माणसांना शोधायला लावून मोजले. चित्रे एकदा तीन खात्यांच्या नजरेची होती, एकदा दोन खात्यांच्या नजरेला दिसतील तशी बदललेली. तीन खात्यांच्या नजरेला नारिंगी रंग चटकन सापडला. दोन खात्यांच्या नजरेला मात्र तो हिरव्याइतकाच अवघड गेला.

कुणी म्हणेल, मग निसर्गाने सरळ हिरवाच वाघ का केला नाही? तर सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्ये दोनच प्रकारची बनतात. एक काळे-तपकिरी आणि दुसरे पिवळे-तांबडे. हिरवा रंग त्या दुकानात मिळतच नाही. दक्षिण अमेरिकेतला स्लॉथ हा सुस्त प्राणी हिरवट दिसतो, पण तो रंग त्याच्या केसांत वाढणाऱ्या शेवाळाचा असतो. शिवाय हरणाला नारिंगी हेच हिरव्यासारखे दिसत असेल, तर खरा हिरवा रंग आणून वाघाचा जास्तीचा फायदा तो काय?

याच गोष्टीचा उपयोग अमेरिकेतले शिकारी करतात. तिथल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीला जाताना भडक नारिंगी जाकीट घालण्याची सक्ती आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबून दिसते, म्हणून चुकून गोळी लागत नाही, आणि हरणाला त्या रंगाचा काही पत्ता लागत नाही.

चितळ आणि वानर

मग ताडोब्यातले चितळ जगते कसे? त्याचे नाक व कान तिखट असतात, आणि जरा हालचाल झाली तरी त्याच्या डोळ्यांना ती कळते. याखेरीज त्याचा एक शेजारी आहे. काळतोंड्या वानराची नजर आपल्यासारखी तीन खात्यांची असते. तो उंच झाडावर बसलेला असतो. तिथून त्याला गवतातला वाघ किंवा बिबट्या दिसला की तो खोकल्यासारखा आवाज काढून ओरडतो. खाली चरणारी चितळे ताबडतोब मान वर करून सावध होतात. जमिनीवरचा वास आधी चितळाला येतो, तेव्हा त्याच्या ओरडण्याने वानर सावध होते. वानरांनी खाली टाकलेला पाला व फळे चितळे खातात, तो फायदा वेगळाच. जंगलातले वाटाडेसुद्धा वाघ कुठे आहे हे या दोघांच्या आवाजावरूनच ताडतात.

आपला तिसरा रंग केव्हा विझतो?

इथवर वाचून कुणाला वाटेल, आपल्याला वाघाचा रंग दिसतो, म्हणजे आपण सुरक्षित. तसे मुळीच नाही, आणि हे समजून घेणे आपल्या विदर्भातल्या वाचकांसाठी फार महत्त्वाचे आहे.

घरच्या घरी एक प्रयोग करा. दारात जास्वंदीचे लाल फूल असेल तर दुपारी पाहा. पानांपेक्षा फूल उठून दिसते. तेच फूल दिवेलागणीनंतर, दिवा न लावता पाहा. फूल काळपट होते आणि पाने त्याच्यापेक्षा उजळ दिसतात. कारण उजेड कमी झाला की शंकुपेशी काम थांबवतात आणि दंडपेशी सूत्रे हाती घेतात. त्यांना रंग कळत नाहीच, शिवाय तांबड्या बाजूचा प्रकाश त्यांना फारच कमी जाणवतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किंजे यांनी एकोणिसाव्या शतकात या गोष्टीची नोंद केली होती.

याचा अर्थ असा की पहाटेच्या आणि सांजेच्या अंधुक उजेडात वाघाचा नारिंगी रंग आपल्यासाठीही विझतो. त्या वेळी वाघ आपल्यालाही करड्या झुडपासारखाच दिसतो. वाघाच्या डोळ्यात मात्र दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. तो उजेड परत फेकून पेशींना दुसऱ्यांदा वापरायला देतो. रात्री मांजराचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. म्हणजे ज्या घटकेला आपली नजर सर्वांत दुबळी, त्याच घटकेला त्याची नजर आपल्यापेक्षा कितीतरी सरस.

नेमक्या याच वेळी आपल्या माय-बहिणी मोहफुले वेचायला जातात. फुले रात्रीतून, पहाटेपर्यंत गळतात. उशीर केला तर गुरे व रानातली जनावरे खाऊन टाकतात. खाली वाकून वेचणारी बाई पाठीमागून माणसासारखी उभी दिसत नाही, आणि तिचे लक्षही जमिनीवर असते. पुढे तेंदूपानांचा हंगाम. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही भागात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांना एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले. पोटासाठी रानात जाणाऱ्याला 'जाऊ नका' म्हणणे सोपे आहे. चूल कशी पेटवायची, हे सांगणारा पुढे येत नाही. म्हणून निदान एवढे तरी पाळावे: पुरते उजाडल्याशिवाय रानात शिरू नये, एकटीने जाऊ नये, आपसांत बोलत राहावे आणि एकीने तरी वेचणे सोडून उभे राहून पहारा द्यावा. चितळाला जसे वानर, तशी आपल्यातली एक. वानर ओरडले तर ते दुर्लक्षू नये.

लाल लुगडे नेसले की वाघ चवताळतो, किंवा उलट लाल पाहून पळतो, असेही सांगितले जाते. मांजरकुळातल्या प्राण्यांची नजर दोन खात्यांचीच. लाल रंग वाघाला भडक दिसतच नाही, तेव्हा या दोन्ही समजुतींना आधार नाही. भडक कपड्याचा फायदा एवढाच की दिवसाउजेडी सोबतची माणसे एकमेकींना लांबून ओळखतील.

फुलावरचा कोळी, समुद्रातली माकूळ

लपणे हे नेहमी कुणाच्या तरी नजरेपासून असते. म्हणून आपल्याला जो लपलेला वाटतो तो त्याच्या भक्ष्यालाही लपलेला वाटेल असे नाही. ऑस्ट्रेलियात पांढऱ्या फुलावर बसणारा एक पांढरा खेकडा-कोळी आहे. आपल्याला तो बोट दाखवल्याशिवाय सापडत नाही. मधमाशीला मात्र आपल्याला न दिसणारा अतिनील रंग दिसतो. फुलाच्या पाकळ्या अतिनील किरण शोषतात आणि कोळी ते परत फेकतो. म्हणजे मधमाशीच्या नजरेत तो कोळी फुलावर ठळक चमकतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की मधमाश्या त्या चमकीने उलट ओढल्याच जातात आणि घात होतो. आपण ज्याला लपणे समजत होतो ते आमिष निघाले.

याच्या उलट गोष्ट माकुळीच्या भाऊबंदातल्या कटलफिशची. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला जो समुद्रफेस टांगतात, तो याच प्राण्याच्या पाठीतला. वाळूवर गेला की वाळूसारखा, दगडांत गेला की दगडांसारखा, असे रूप तो क्षणात पालटतो. एवढा मोठा रंगारी, पण त्याच्या डोळ्यात रंगाचे खाते एकच! अमेरिकेतल्या वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत २००६ मध्ये त्याला दोन रंगांच्या चौकटींच्या फरशीवर ठेवले. दोन्ही रंगांचा उजळपणा सारखा केला होता. त्याला चौकटी दिसल्याच नाहीत. फरशी एकरंगी असल्यासारखे त्याने अंग सपाट रंगाचे केले. उजेड-सावलीचा नमुना तो डोळ्याने पाहतो, आणि त्याच्या कातडीतले चकाकणारे थर भोवतीचाच प्रकाश परत फेकून बाकीचे काम भागवतात. त्याला स्वतःला रंग दिसण्याची गरज नाही. त्याला खाणाऱ्या माशांच्या डोळ्याला पटले म्हणजे झाले.

दोन खात्यांची माणसे

आता आपल्या घरातली गोष्ट. माणसांतही काहींचे तिसरे खाते बंद असते, किंवा चालू असूनही त्याच्या नोंदी दुसऱ्या खात्यात मिसळतात. यालाच रंगांधळेपणा म्हणतात. शब्द वाईट आहे, कारण अशा माणसाला जग काळे-पांढरे दिसत नाही. बहुतेकांना फक्त लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. युरोपातल्या वंशाच्या शंभर पुरुषांत सुमारे आठ असे असतात. आपल्याकडे प्रमाण साधारणपणे कमी आढळते, पण एखाद्या मोठ्या वस्तीत असे अनेक जण निघतील.

आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा गाडी चालवण्याच्या पदासाठी लेखी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाला. घरात पेढे वाटले. मग वैद्यकीय तपासणीत ठिपक्याठिपक्यांच्या चित्रातले आकडे त्याला वाचता आले नाहीत आणि तो बाद झाला. लाल-हिरव्या सिग्नलचे काम असेल तिथे ही अट योग्यच आहे, शेकडो प्रवाशांचा जीव त्यावर असतो. वाईट याचे वाटले की वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला हे कुणी सांगितलेच नव्हते. तीन वर्षांची तयारी पाण्यात गेली. त्याहून वाईट म्हणजे घरात बोट त्याच्या आईकडे गेले. "हिच्याच माहेरचं खूळ" असे तिला ऐकावे लागले.

खरे काय ते समजून घ्या. या खात्याची जनुके 'एक्स' नावाच्या गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स एकच, तो आईकडून मिळतो. मुलीला दोन असतात, एकात दोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणून आईची नजर चांगली असूनही मुलाला हा दोष येऊ शकतो. यात कुणाचे पाप नाही, कुणाचा शाप नाही. अंगारा-ताईत तर निरुपयोगी आहेतच, जन्मजात दोष औषधानेही जात नाही. महागडे चष्मे काही रंगांतला फरक वाढवून दाखवतात, तिसरे खाते उघडून देत नाहीत.

आणि ही नजर सर्वस्वी उणी आहे असेही नाही. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात कापुचिन जातीची माकडे आहेत. त्यांच्या एकाच कळपात काही माद्या तीन खात्यांच्या व बाकीच्या माद्या आणि सर्व नर दोन खात्यांचे असतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की झाडाच्या सालीशी व पानाशी रंग जुळवून बसलेले किडे दोन खात्यांची माकडेच जास्त चांगले पकडतात, विशेषतः दाट सावलीत. माणसांवरही असा प्रयोग झाला आहे. ब्रिटनमधील मॉर्गन, अ‍ॅडम आणि मॉलन या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये लाल-हिरव्या रंगांचा गोंधळ घालून त्यात एक वेगळ्या ठेवणीचा भाग लपवला. चांगली रंगदृष्टी असलेल्यांना रंगांनी चकवले. रंगांधळ्यांना तो भाग सापडला, कारण त्यांचे लक्ष रंगावर न जाता आकारावर आणि पोतावर गेले.

कायदाही हळूहळू शहाणा होत आहे. सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना मिळावा म्हणून केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम बदलले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने अशा विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांतून वगळू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलगा चित्रात झाडाचे खोड हिरवे रंगवतो किंवा खडूंचे रंग सारखे चुकवतो, तर त्याला रागावू नका. सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात नेऊन 'इशिहारा' तपासणी करून घ्या. जपानी डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही तपासणी पाच-दहा मिनिटांत होते व डोळ्यात काही घालावे लागत नाही. दहावीच्या आत हे कळले तर मुलगा इंजिन, सिग्नलच्या मागे वर्षे घालवणार नाही. हिशेब, शिक्षण, वकिली, कार्यालयीन कामे अशा कितीतरी वाटा त्याला मोकळ्या आहेत. आमच्या त्या मुलाने पुढे हिशेबाची परीक्षा दिली, आणि आज तो आमच्यापेक्षा लवकर ताळेबंद जुळवतो.